पथ्याचें पान : पिंपरी-चिंचवडच्या ताटांतील गव्हाचा इतिहास

आमच्या इतिहासलेखनांत किल्ले, तहनामे आणि कारखाने यांस जें मानाचें पान मिळतें, तें ताटांतील घासास सहसा मिळत नाहीं. चाकण म्हटलें कीं १६६० सालीं शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें लढविलेला संग्रामदुर्ग आठवतो. चिंचवड म्हटलें कीं मोरया गोसावी आणि चापेकर बंधू आठवतात. आणि पिंपरी-चिंचवड असा जोडशब्द उच्चारला कीं मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु या पंचक्रोशींतील माणूस घराबाहेर जेवावयास बसला तर त्याच्या पुढ्यांत पूर्वीं काय येत होतें, आज काय येतें, आणि तें कोणत्या कारणानें बदललें, हें विचारण्याची आपल्याला फारशी गरज वाटलेली नाहीं. आज ती गरज उत्पन्न झाली आहे. ज्यांच्या शरीरास गहूं सोसत नाहीं, नव्हे जो त्यांचा उघड घात करतो, अशीं माणसें आपल्या घरांत, शाळांत आणि कारखान्यांत आहेत, हें वैद्यकानें निःसंशय दाखवून दिलें आहे. अशा माणसानें भोसरीच्या वा चाकणच्या एखाद्या खानावळींत जाऊन चारचौघांबरोबर निर्धास्तपणें जेवावें, ही साधी गोष्ट अवघड होऊन बसली आहे. ती अवघड कां झाली, आणि ती अवघडच राहिली पाहिजे काय, याचा विचार आम्हीं या लेखांत योजिला आहे.

प्रथम त्या रोगाविषयीं दोन शब्द. गहूं, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लूटेन नांवाचें एक चिवट प्रथिन असतें. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळून चोळून धुतला, तर पांढरें पिष्ट वाहून जातें आणि हातांत रबरासारखा एक लगदा उरतो. तेंच हें ग्लूटेन. बेक्कारी नांवाच्या इटालियन पंडिताचा हा प्रयोग १७४५ सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेक माणसांस हें द्रव्य निरुपद्रवी आहे. परंतु कांहींच्या शरीरांत तें गेलें असतां, रोगजंतूंशीं लढावयाची जी शरीराची संरक्षक शक्ति, ती आपल्याच लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे जे सूक्ष्म अंकुर असतात ते झिजून सपाट होतात, अन्नरस शोषला जात नाहीं, आणि पोट फुगणें, अतिसार, पांडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ अशी उपद्रवांची मालिका सुरू होते. यास सिलिअ‍ॅक रोग म्हणतात. यावर आजमितीस सर्वमान्य उपाय एकच : आमरण पथ्य.

हें पथ्य सांपडावयास वैद्यकास फार काळ लागला. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत होऊन गेलेल्या अरेटिअस या ग्रीक वैद्यानें या प्रकारच्या रोग्यांचें वर्णन करून ठेविलें होतें. १८८८ सालीं लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरानें लहान मुलांतील हा विकार नीट वर्णिला, आणि रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेंच होईल असें स्पष्ट सांगितलें. मात्र कोणता आहार, हें त्यासही उमगलें नव्हतें. १९२४ सालीं अमेरिकेंत सिडनी हास यानें अशा मुलांस केळ्यांवर ठेविलें आणि तीं सुधारलीं. केळ्यांत कांहीं औषधी गुण आहे अशी समजूत त्यामुळें पुष्कळ वर्षे टिकली. वस्तुतः केळीं खातांना मुलें पाव खात नव्हतीं, हेंच त्यांतलें रहस्य होतें. तें रहस्य उलगडलें हॉलंडांत. विलेम डिके या बालवैद्यास गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आला होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन अमलाखालील हॉलंडांत भीषण दुष्काळ पडला, पाव दुर्मिळ झाला, लोकांनीं ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. आणि सारा देश उपाशी मरत असतां त्याचीं हीं रोगी मुलें मात्र टवटवीत होऊं लागलीं. युद्ध संपून पाव परत आला तशीं तीं पुन्हां आजारी पडलीं. आपले सारे पुरावे डिकेनें १९५० सालीं उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत मांडले, आणि दोनच वर्षांनीं बर्मिंगहॅमच्या संशोधकांनीं गव्हांतील दोषी द्रव्य ग्लूटेन हेंच होय असें दाखविलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण खानावळीचा सारा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. पथ्य म्हटलें कीं थोडें इकडे तिकडे चालतें, अशी आपली समजूत असते. मधुमेही माणसानें सणाला एखादी पुरणपोळी खाल्ली तर घरचे लोक डोळेझांक करतात. या रोगांत तशी सवड नाहीं. इटलींत झालेल्या आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत, रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेल्यानेंही आंतड्यास इजा पोहोंचते असें आढळलें. आपल्या घरची लहानशी चपाती तीस ग्रॅम पिठाची धरली तर तींत सुमारें तीन ग्रॅम ग्लूटेन असतें. म्हणजे हें प्रमाण त्या चपातीच्या साठाव्या हिश्श्याइतकें झालें. पोळीच्या परातींत थापलेली भाकरी, पोळीच्या तव्यावर भाजलेलें धिरडें, समोशाच्या तेलांत तळलेला वडा, एवढ्यानेंही अपाय होऊं शकतो. तेव्हां "अहो, चिमूटभरानें काय होतें?" हा जो आपला आतिथ्यशील प्रश्न, तोच येथें घातक ठरतो.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. भाकरी ही आमची मूळची आणि गहूं हा परका पाहुणा, असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण इतिहास त्यास पाठिंबा देत नाहीं. पुणें जिल्ह्यांतच, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून जें स्थळ आहे, तेथें १९६८ पासून पुढें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं विस्तृत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत तेथें नांदलेल्या शेतकऱ्यांच्या कोठारांत मुख्य धान्य निघालें तें जव; आणि गहूंही निघाला. म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील ज्ञात असे अगदीं जुने शेतकरी ग्लूटेन असलेलींच धान्यें खात होते. उलटपक्षीं ज्वारी आणि बाजरी या दोन्ही मूळच्या आफ्रिकेंतील. धान्यास जात नसते आणि जन्मभूमीचा अभिमानही नसतो. जी जमीन आणि जें पाऊसमान त्यास मानवतें तेथें तें राहतें. घाटमाथ्यावरच्या बेभरंवशाच्या पावसांत बाजरी आणि ज्वारी यांनीं जवाला मागें सारलें, आणि मावळाच्या दमट खोऱ्यांत भात, नाचणी व वरी यांनीं ठाण मांडलें.

गेल्या शतकांच्या कागदपत्रांत जो प्रदेश आपल्याला दिसतो तो हाच. मुंबई सरकारनें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेलें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर पाहिलें तर बाजरी आणि ज्वारी हींच जिल्ह्याचीं प्रमुख धान्यें दिसतात. हवेली आणि खेड या तालुक्यांतील खेडीं, म्हणजे आजच्या कारखान्यांखालची जमीन, भाकरीचा मुलूख होती. गहूं होता, पण तो सणाचा. होळीची पुरणपोळी, लग्नांतील लाडू, सत्यनारायणाचा शिरा, खपली गव्हाची खीर, अशा नैमित्तिक प्रसंगीं तो पानांत येई आणि प्रसंग संपला कीं कणगींत परत जाई. एखाद्यास गहूं सोसत नसला तरी या प्रदेशांत तो बहुधा जगून जात असे, कारण त्याच्या रोजच्या भाकरींत गहूं नसे. त्या काळीं हा रोग दिसला नाहीं याचें एक कारण तो ओळखण्याचें साधन नव्हतें हें जसें आहे, तसेंच दुसरें कारण हें ताट आहे असें आम्हांस वाटतें.

घराबाहेर जेवण्याची भीति मात्र तेव्हांही होती. फक्त तिचें स्वरूप निराळें होतें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटांचा जो प्रसंग घडला, आणि टिळक, रानडे, गोखले यांसारख्या पुरुषांची नांवें गोंवलीं जाऊन ज्यावरून ग्रामण्य माजलें, तो सुशिक्षित वाचकांस ठाऊकच आहे. त्या वादांत पदार्थ कशाचा केला आहे हें कोणी विचारलें नाहीं. तो कोणाच्या हातचा आहे एवढेंच विचारलें. पुढें शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं माणसें घरें सोडूं लागलीं, मुंबईच्या गिरणगांवांत खानावळी निघाल्या, पुण्यांत बोर्डिंगें निघालीं, आणि ती जुनी भीति हळूहळू ओसरली. ती ओसरली हें फार चांगलें झालें. आज गव्हाचें पथ्य असलेला माणूस खानावळीच्या दारांत उभा राहून जो प्रश्न विचारतो तो याच्या नेमका उलट आहे. वाढणारा कोण, याच्याशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. पीठ कोणतें, एवढेंच त्याला हवें आहे.

सणाचा गहूं रोजचा कसा झाला? या स्थित्यंतराचीं पावलें स्पष्ट मोजतां येतात. पहिलें पाऊल रेशनचें. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, आणि ज्या घरांत गहूं क्वचित् येई तेथें तो शिधापत्रिकेवर येऊं लागला. दुसरें पाऊल अमेरिकन गव्हाचें. १९५६ सालीं भारतानें अमेरिकेशीं ‘पी. एल. ४८०’ या नांवानें प्रसिद्ध असलेला करार केला; १९६६ या अवर्षणाच्या सालीं तर आयात धान्याचा आंकडा सुमारें एक कोटी टनांवर गेला. तिसरें पाऊल हरितक्रांतीचें. त्याच १९६६ सालीं मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचें १८ हजार टन बियाणें आणविलें गेलें आणि पंजाब-हरियाणाचीं कोठारें भरूं लागलीं. सरकार हमीभावानें जें प्रामुख्यानें खरेदी करतें तेंच रेशनच्या दुकानांतून वांटलें जातें; म्हणून गहूं आणि तांदूळ हींच वांटपाचीं मुख्य धान्यें झालीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गव्हाचा दर किलोस दोन रुपये ठरविला. भरड धान्याचा दर त्याहून कमी, म्हणजे एक रुपया, लिहिलेला होता. पण दुकानांतील पोत्यांत बहुतकरून गहूं आणि तांदूळच असत. जी ज्वारी आजोबांच्या शेतांत पिकत होती ती नातवास गव्हाहून महाग पडूं लागली.

चौथें पाऊल कारखान्याचें, आणि येथें आमच्या पंचक्रोशीचा स्वतःचा इतिहास सुरू होतो. १९४७ च्या फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी वसली. हे गहूं खाणारे लोक होते, आणि त्यांच्याबरोबर कोकी, दाल-पकवान हे पदार्थ पिंपरीच्या बाजारांत आले. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें; त्या दशकांत आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरीस टेल्को हे कारखाने उभे राहिले. १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. पुढें लाट चाकणकडे वळली : १९९९ सालीं बजाजचा, २००९ सालीं फोक्सवॅगनचा, त्यापाठोपाठ महिंद्राचा कारखाना तेथें निघाला. कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेलें चाकण मोटारींचें गांव झालें. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, केरळ अशा सर्व दिशांनीं माणसें आलीं, आणि तीं बहुतेक प्रथम एकटीं आलीं. एकट्या माणसाचा संसार म्हणजे खोली, डबा आणि खानावळ.

आतां या ठिकाणीं आम्हांस जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतों. कारखान्याच्या ताटांत भाकरीच्या जागीं चपाती आली याचें कारण केवळ स्वस्ताई किंवा प्रतिष्ठा नव्हे. गव्हांतील तें चिवट द्रव्यच त्याचें कारण आहे. ग्लूटेनमुळें कणीक ताणली जाते, लाटली जाते, यंत्राच्या रुळांतून पातळ होऊन निघते, आणि भाजल्यावर डब्यांत कित्येक तास मऊ राहते. ज्वारी-बाजरीच्या पिठास ही चिकाटी नाहीं. तें कढत पाण्यांत मळावें लागतें, हातानें थापावें लागतें, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी ताबडतोब खाल्ली नाहीं तर ती कडक होते. एक भाकरी म्हणजे एका कुशल बाईचीं दोनतीन मिनिटें. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह चालविण्याचें बंधन घातलें. ज्याला एका पाळीच्या अर्ध्या तासाच्या सुटींत शेंकडों माणसांस जेवूं घालावयाचें आहे, त्याला चपातीचें यंत्र सोयीचें पडणार, थापटणारे हात नव्हेत. अशा रीतीनें जें द्रव्य थोड्या माणसांस घातक आहे, त्याच द्रव्याच्या गुणानें गव्हाला सामुदायिक पाकशाळेंत विजय मिळाला. या घटनेंत कोणाचा दुष्ट हेतु नाहीं. पण तिची किंमत कोणी तरी मोजतो आहे.

हा पालट किती पूर्ण झाला आहे याचा पुरावा सरकारच्याच दोन योजनांत सांपडतो. १९९५ सालीं महाराष्ट्रांत गरिबांस एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें निघालीं. त्या काळीं सामान्य माणसाच्या जेवणाचें प्रतीक भाकर हें होतें. पंचवीस वर्षांनीं, २६ जानेवारी २०२० रोजीं, दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. तींत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. योजना दोन्ही गरिबांच्या, दोन्ही मराठी मुलखांतल्या. पण मधल्या एका पिढींत भाकरी जाऊन चपाती आली, आणि त्याबद्दल कोणी चर्चाही केली नाहीं. पूर्वीं मध्यमवर्गांत ‘पोळी’ आणि बहुजनांत ‘भाकरी’ असा जो घराघरांचा भेद होता, तो ‘चपाती’ या एका शब्दांत विरून गेला.

अशा ताटापुढें सिलिअ‍ॅकचा रोगी बसला तर त्यास काय मिळतें तें पाहूं. भात मिळतो. मावळच्या भूमींत भाताला तोटा नाहीं, आणि वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत निपजलेला इंद्रायणी तांदूळ आज सर्वत्र प्रिय आहे. पण भातावरचें वरण वा आमटी आली कीं शंका उभी राहते, कारण फोडणींत हिंग असतो. बाजारांतला नेहमींचा हिंग हा शुद्ध डिंक नसतो. तो तीव्र असल्यामुळें पिठांत बांधलेला असतो, आणि तें पीठ पुष्कळदां मैद्याचें असतें. थालीपिठाचें नांव ऐकून मन हुरळतें, पण भाजणींत बहुधा गहूं असतोच. मिसळीबरोबर पाव ठरलेला. इडली-डोसा निर्दोष, पण सांबारांत हिंग, आणि शेजारीं रव्याचा डोसा त्याच तव्यावर. पोहे चांगले, पण झारा उपम्याचा. राहिली भाकरी. ती हल्लीं पुष्कळ ठिकाणीं पुन्हां मिळूं लागली आहे. संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, त्याचाही तिला हातभार लागला. परंतु न शिकलेल्या हातास ती थापणें कठीण म्हणून तींत थोडी कणीक मिसळण्याची, किंवा लाटतांना गव्हाचें पीठ लावण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं चालते. आणि पीठ गिरणींतून येतें तेव्हां त्याच जात्यावर आधीं गहूं दळला गेलेला असूं शकतो. खपली गव्हाविषयींही एक भ्रम पसरला आहे. खपली जुना आहे, पचावयास हलका म्हणून त्याची ख्याति आहे; पण तो गहूंच आहे, आणि त्यांत ग्लूटेन आहे. या रोग्यास तो वर्ज्यच.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, एवढें सोवळें कोणत्या खानावळवाल्यास पाळतां येईल? आमचें उत्तर असें कीं, तें तो पाळीतच आला आहे. फक्त निराळ्या नांवानें. देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या मध्यें ही उद्योगनगरी वसली आहे. दर वर्षीं देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते. एकादशीचें महत्त्व या मातींत कोणाला सांगावें लागत नाहीं. आणि म्हणून येथील साध्या हॉटेलच्या फळ्यावरही आषाढी-कार्तिकीस, चतुर्थीस, नवरात्रांत ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ हीं अक्षरें उमटतात. आतां उपवासाचे नियम पाहा. धान्य वर्ज्य. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, शेंगदाणा, रताळें हे चालतात; यांपैकीं कशांतही ग्लूटेन नाहीं. फोडणीला तूप-जिरें, हिंग, हळद, मोहरी बहुतेक घरांत वर्ज्य. म्हणजे त्या मैदामिश्रित हिंगाचाही प्रश्न आपोआप मिटला. उपवासाचा वडा निराळ्या कढईंत तळावा, खिचडीला धान्याचा डाव लागूं नये, हें आचाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. आणि गंमत अशी कीं, या पवित्र पदार्थांतील बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कंद, हे सर्व अमेरिकेंतून आलेले! परंपरा ही आपल्याला वाटते तेवढी ताठर नसते. कारण पटलें कीं ती नवें पीठही सामावून घेते आणि नवें भांडेंही वेगळें ठेवते.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, उपवासाला जी कढई वेगळी निघते ती पथ्यालाही निघावी. मात्र येथें एक सावधगिरीची सूचना देणें आम्ही कर्तव्य समजतों. जुन्या सोवळ्यानें भांडीं वेगळीं ठेवतां ठेवतां माणसेंही वेगळीं ठेविलीं, आणि तो कलंक आपण अद्याप धुतों आहों. पथ्याचें सोवळें त्याच्या उलट आहे. तें भांडीं वेगळीं करतें तें माणसास पंगतींत बसतां यावें म्हणून. ज्याला घरचा डबा उघडून एका कोपऱ्यांत बसावें लागतें, लग्नांत ‘आपलें काय, कांहीं चालत नाहीं’ अशा कौतुकमिश्रित उपहासास तोंड द्यावें लागतें, मुलगी असल्यास जिचें पथ्य स्थळें येतांना लपविण्याचा सल्ला मिळतो, त्याच्या दुःखांत उपासमारीहून एकाकीपणाचा वांटा मोठा असतो. एकत्र जेवणें ही आपल्या समाजांत स्वीकाराची खूण आहे. ती नाकारली जाणें म्हणजे काय, हें या भूमीस निराळें सांगावयास नको.

कायद्यानें या दिशेनें कांहीं केलेलें आहे. ज्या पदार्थावर ‘ग्लूटेनमुक्त’ असें लिहावयाचें त्यांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये, हें जागतिक प्रमाण भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें स्वीकारलें आहे. वेष्टनांतील खाद्यावर ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणें बंधनकारक आहे. २०२० च्या नियमांनीं दहा वा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांसही अशी माहिती देणें भाग पाडलें. परंतु कामगार जेथें जेवतो ती खानावळ एकाच गाळ्याची असते. हा नियम तिच्या दारापर्यंत पोहोंचत नाहीं. तेथें कायद्याहून समज अधिक उपयोगी पडेल. ज्वारी स्वतंत्र जात्यावर दळून आणणें, भाकरीची परात आणि तवा राखून ठेवणें, तांदळाच्या पिठांत बांधलेला हिंग आणणें किंवा एका भाजींत हिंगच न घालणें, आणि गिऱ्हाइकानें विचारलें असतां ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाहीं’ असें सरळ सांगणें, एवढ्या चार गोष्टी कोणत्याही मावशींच्या खानावळीस परवडण्यासारख्या आहेत. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून गिरणी-कामगारांस जेवूं घालणाऱ्या बायांच्या कष्टास संघटित रूप दिलें. चाकणच्या पट्ट्यांत भाकरी थापणाऱ्या हातांची आज तशीच कदर झाली, तर त्या हातांस रोजगार आणि या रोग्यांस अन्न, हीं दोन्ही कार्यें एकदम साधतील.

हा मूठभरांचा प्रश्न आहे, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर म्हणून एका परीक्षेचे आंकडे देतों. भारताच्या तीन विभागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१६ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत उत्तरेंत शेंकडा सुमारें १.२३, ईशान्येंत ०.८७ आणि दक्षिणेंत ०.१० इतक्या लोकांस हा रोग आढळला. या रोगास पोषक असा जो आनुवंशिक गुण, तो तिन्ही ठिकाणीं थोड्याफार फरकानें सारखाच होता. परंतु गव्हाचा रोजचा आहार उत्तरेंत माणशीं ४५५ ग्रॅमच्या आसपास, तर दक्षिणेंत अवघा २५ ग्रॅम होता. ईशान्येंत गहूं थोडा असूनही रोग पुष्कळ दिसला, तेव्हां गहूं हेंच एकमेव कारण असें म्हणतां येणार नाहीं. पण उत्तर आणि दक्षिण यांमधील अंतर विचार करावयास लावणारें आहे. महाराष्ट्र हा भौगोलिक दृष्ट्या या दोन टोकांच्या मध्यें आहे, आणि आमची उद्योगनगरी तर एकाच पिढींत दक्षिणेच्या ताटाकडून उत्तरेच्या ताटाकडे सरकली आहे. शिवाय उत्तरेंतील हजारों कुटुंबें आज येथेंच नांदत आहेत. ज्या नगरांत लाखोंनीं लोक राहतात तेथें शेंकडा एकाच्या अर्ध्यानें धरलें तरी ती संख्या हजारोंची होते. आणि त्यांतील पुष्कळांस आपल्या जुनाट अशक्ततेचें कारण अद्याप कोणी सांगितलेलेंही नसेल.

आम्ही गव्हाचे वैरी नाहीं. दुष्काळाच्या वर्षांत या धान्यानें देश जगविला, ही कृतज्ञता ठेवूनच हें लिहिलें आहे. आणि ज्यांस तें सोसतें त्यांनीं केवळ फॅशन म्हणून तें टाकावें असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. उलट अशा फॅशननें खऱ्या रोग्याचें पथ्य थट्टेवारी नेलें जातें. आमचें म्हणणें ताटाच्या एका कोपऱ्यापुरतें आहे. ज्या मुलखांत साठसत्तर वर्षांपूर्वीं भाकरी मागावी लागत नव्हती, त्या मुलखांत ती शुद्ध स्वरूपांत मागणारास नवल वाटून घेऊन पाहूं नये. इनामगांवच्या जवापासून आजच्या चपातीपर्यंत या भूमीनें धान्यें किती तरी वेळां बदललीं; प्रत्येक वेळीं बहुतेकांची सोय पाहिली गेली. आतां ज्यांची सोय राहून गेली त्यांचेंही पान मांडण्याइतकें या नगराचें ऐश्वर्य निश्चित वाढलें आहे.